घट्ट मोजडी

लष्कर, ग्वाल्हेर
आषाढ वद्य तृतीया, १९३४

प्रिय सरोजिनी,

पंधरा दिवसांचं सांगून तू उज्जैनला माहेरी गेलीस, त्याला आज तीन महिने झाले. महिपत ताटावरून लवकर उठतो. तू परत येणार की नाही, हे माझ्या लेकाला विचारायची माझी छाती होत नाही. तेव्हा आधी माझ्या पायांची हकीकत ऐक, कंटाळू नकोस.

गेल्या सोमवारी मी कंपू भागातल्या डॉक्टरांकडे गेले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी माझं हाड बाहेर आलंय ना, ते इतकं सुजलं की जिना उतरवेना. पडद्याआडून पाय तेवढा पुढे केला. त्यांनी विचारलं, "कितने बरस से सह रही हैं?" हिशेब केला तर अठ्ठावीस वर्षं निघाली, म्हणजे लग्न झाल्यापासूनची. मग त्यांनी शांतपणे समजावलं. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलत जातो, म्हणून सांधा बाहेर येतो. काहींच्या पायाची घडणच तशी असते, आईकडून लेकीकडे येते. चिंचोळ्या जोड्यात पाय कोंबला की दुखणं वाढतं. लेप लावून हाड मागं जात नाही. पुढून रुंद, मऊ जोडा घालायचा, पहिल्या दोन बोटांत कापसाची घडी ठेवायची आणि सूज आली की पाय उंच ठेवून पडून राहायचं. कापून सरळ करतात म्हणे, पण चालता येतंय तोवर त्या वाटेला जाऊ नका म्हणाले.

माझ्या सासूबाईंनी नेमकं उलटं शिकवलं होतं. घट्ट मोजडीत अंगठा वळणावर येतो, असं त्यांचं म्हणणं. राजवाड्यावरच्या पहिल्या हळदीकुंकवाला सुनेनं सासूची जरीची मोजडी घालायची, ही आपल्या घरची रीत. मी घातली आणि तुलाही घालायला लावली. तू सांगितलंस, माझा पाय आईच्या वळणाचा आहे, यात मावत नाही. मला वाटलं, शिकलेल्या मुलीचे नखरे. चैत्रात तू दोन तास रांगेत उभी राहिलीस, आणि बग्गीत मोजडी काढलीस तर अंगठ्याची साल निघालेली. तेव्हा मी माझ्या नणंदेसमोर, सुमनताईंसमोर म्हणाले, "माझेही पाय दुखले होते, मी कुठं बोलले?" पुढच्या आठवड्यात तू गेलीस.

दवाखान्यातून येताना खासगी बाजाराच्या पेठेत टांगा थांबवला आणि मोच्याला कागदावर पाय आखून दिला. जोडा आला तो थेट बदकाच्या पायासारखा! सुमनताई पोट धरून हसल्या. काल तो घालून देवळापर्यंत चालत गेले आणि चालतच आले. परतताना तुझी आठवण येऊन रडू आलं. रस्त्यात, चारचौघांत.

माझं चुकलं, सरोजिनी. येत्या गुरुवारच्या गाडीनं मी उज्जैनला येते आहे, एकटीच. महिपतला मुद्दाम आणत नाही. तो दारात उभा राहिला की तुला नाही म्हणता येणार नाही. यायचं की नाही ते तू ठरव. मी एकटी परतले तरी तुझ्यावर राग धरणार नाही. पण आल्याबरोबर घंगाळात कोमट पाणी घेऊन मी तुझे पाय धुणार आहे. सासूनं सुनेच्या पायांना हात लावू नये म्हणतात. तुझ्या आईला आधीच सांगून ठेव, म्हणजे त्या मला अडवायच्या नाहीत.

तुझीच,
विजया