बाबांच्या टाकीतलं मॅग्नेशियम

भाऊजी,

प्रवाळांच्या टाकीत नवीन मॅग्नेशियम घालण्याआधी ते शुद्ध आहे का तपासा, असं तुम्ही बजावलं होतंत. मी "मीठच तर आहे" म्हणून उडवून लावलं, आणि बाबांनी ते तसंच टाकीत घातलं. आज पाकिटातलं चमचाभर स्वच्छ पाण्यात विरघळवून अमोनियाची चाचणी केली, तर पाणी गडद हिरवं झालं, म्हणजे विषारी अमोनिया त्या पाकिटातच होता. प्रवाळ सगळे पांढरे पडलेत. बाबांना वाटतंय, त्यांच्याच थरथरत्या हातानं जास्त पडलं. पाकीटच खराब होतं म्हटलं, तर म्हणाले, "समजूत काढू नकोस. तुझ्या सासूची एवढी एक आठवण, तीही मला सांभाळता आली नाही." तेव्हापासून दार लोटून पडलेत, जेवलेही नाहीत.

मासे तरी वाचावेत म्हणून छोटीला घेऊन ताजं खारं पाणी आणायला जातेय. टाकीचं राहू द्या, आल्या आल्या आधी बाबांच्या खोलीत जाऊन बघा.