नमुन्याला दिलेले बूट

३ नोव्हेंबर, सोमवार

"परवा या!" पुन्हा परवा! आज हा चौथा परवा. बूटवाल्याच्या तोंडात साखर आणि हातात काही नाही. "ताई, तळवा लागलाय, आता नुसती टाच राहिलीय." गेल्या वेळी टाच लागली होती आणि तळवा राहिला होता! तसं म्हटलं तर हसला. वर आणि चहा मागवू का म्हणाला.

धाकटी घरात चपला घालून भिंतीच्या आधारानं चालते. तिचे जुने बूट नमुना म्हणून त्याच्याकडे पडलेत — आणि ते नेऊन दिले कुणी? मीच! ती नको नको म्हणत होती. "नवे मिळेपर्यंत राहू दे ना गं माझ्याकडे." मी म्हटलं, नमुन्याशिवाय तो बिचारा काम कसं करणार, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. आठाचे चोवीस झाले. चोवीस दिवस माझी बहीण जिना उतरलेली नाही.

सतरा तारखेला तिची मुलाखत. आमच्याच ऑफिसात, चौकशीच्या खिडकीवर. साहेबांपुढे किती वेळा नाक घासलं तेव्हा कुठे हो म्हणाले. फक्त एवढंच म्हणाले, "लोकांसमोरचं काम आहे बाई, जरा व्यवस्थित दिसू दे." व्यवस्थित म्हणजे काय ते मला कळलं. म्हणून तर हे बूट.

अजून दोन आठवडे आहेत. होईल.

५ नोव्हेंबर

"सोमवारी नक्की. तुमची शप्पथ." माझी कशाला? स्वतःची घे की!

६ नोव्हेंबर, गुरुवार

धाकटीच्या मैत्रिणीचं पुन्हा पत्र. तिची ती डोंगरावरची रोपवाटिका. कलमं बांधायला माणूस हवंय, राहायची सोय आहे, ये म्हणते. बसथांब्यापासून वर दीड मैल खडीचा चढ! मैत्रीण पाय विसरली वाटतं. लंगडीला डोंगरावर बोलावणारी ही कसली मैत्रीण? मीच दोन ओळी लिहून टाकल्या — जमणार नाही, इथे नोकरीचं ठरत आलंय. धाकटीनं पत्राची घडी घालून उशीखाली ठेवली. तिला पटलं असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज बिलाच्या खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ पैसे भरून तसेच निघाले. मी ओरडून परत बोलावलं. "आजोबा, पावती हातात आल्याशिवाय पैसे भरले असं समजायचं नाही!" बावीस वर्षं वीजबिलं घेतेय, बावीस वर्षं हेच सांगतेय. आणि बूटवाल्याला सगळे पैसे आगाऊ देऊन आले ते साध्या चिटोऱ्याशिवाय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

का नाही मागितली पावती? इथे तरी खरं लिहावं.

तो धाकटीच्या पायाशी खाली बसला होता. तिचा आखूड पाय त्यानं स्वतःच्या मांडीवर घेतला, मोजा हळूच काढला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत बोटं फिरवली. डॉक्टरसुद्धा तो पाय दोन बोटांनी उचलतात. मग कागदावर दोन्ही पावलं पेन्सिलीनं आखली. जुना बूट उलटा करून बघितला आणि म्हणाला, "हा करणाऱ्यानं माप घेतलंच नाही. तीन बोटांचा फरक आहे आणि दिलाय एका बोटाचा उंचवटा. लंगडणार नाहीत तर काय करतील?" धाकटीचे डोळे भरले. इतकी वर्षं आम्ही समजत होतो, पायच तसा आहे.

मग त्यानं विचारलं, "कुठं चालायचंय हे घालून?" तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हे विचारतो म्हणे. बूट नुसता पायाच्या मापाचा करून भागत नाही, रस्त्याच्याही मापाचा लागतो. धाकटी तोंड उघडेपर्यंत मी सांगूनही टाकलं — ऑफिसात, गुळगुळीत फरशीवर. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं. रस्ता : फरशी.

"पूर्ण पैसे दिलेत तर चामडं आजच आणतो. तुमचं काम आधी धरतो." मी पर्स उघडली. पावतीचं मनात आलं होतं. पण बहिणीचा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाकडे पावती मागायची कशी? जीभच रेटेना.

१० नोव्हेंबर, सोमवार

कुलूप!

ऑफिस सुटल्यावर धावत गेले तर दुकानाला कुलूप. शेजारचा घड्याळजी म्हणाला, "दुपारी एक डबा काखेत मारून गेला. येईल." सातपर्यंत फुटपाथवर उभी होते. कसला येतोय!

घरी आले ती धाकटीवरच डाफरले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. "ताई, ऐक ना —" म्हटलं, आधी पाणी दे, मग ऐकते. पाणी प्यायले आणि पुन्हा बूटवाल्याचाच उद्धार सुरू केला. तिचं काय होतं ते राहूनच गेलं.

११ नोव्हेंबर

खालच्या काकूंनी जिन्यात अडवलं. "दुपारी तुमच्याकडे कोण चालतं गं? ठक ठक, ठक ठक. माझा जरा डोळा लागतो तेवढ्यात." मी म्हटलं, काकू, धाकटीच असेल. "छे! तिची पावलं मी ओळखत नाही होय? एक जड, एक हलकं. ही सारखी पडतात." म्हटलं, कानात तेल घालून बघा. रागावल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गेला. हातावर तुरी देऊन गेला!

दुकान सताड उघडं आणि आत जागामालक भिंतींना चुना लावतोय. शिलाईचं यंत्र नाही, पाटी नाही. भिंतीवर कलबुतं टांगलेली असायची — गिऱ्हाइकांच्या पावलांचे ते लाकडी ठोकळे — तिथे नुसते खिळे. जमिनीवर चामड्याच्या कातरणी. मी त्या कातरणींत उभी राहून रडले. लाज वाटली, पण रडले. पैसे गेले ते गेले. पण त्यानं पाय मांडीवर घेतला होता! तेही नाटकच होतं का?

बाहेर आणखी लोक जमले होते. एक नर्स, एक ट्रकवाला, एक बँडमास्तर, त्याच्या सबंध बँडचे बूट. सगळ्यांनी पूर्ण पैसे दिलेले. प्रत्येकाला एकच सांगितलेलं — "तुमचं काम आधी धरतो." बँडमास्तर म्हणाला, "सगळ्यांचंच आधी, मग नंतर कुणाचं होतं?" कुणाला हसू आलं नाही.

१३ नोव्हेंबर

पोलीस ठाणं. हवालदारानं पहिला शब्द काढला तो — "पावती?" आम्ही नऊ जण एकमेकांकडे बघतोय. त्यानं मला विचारलं, "बाई, तुम्ही बिलाच्या खिडकीवर बसता ना?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अर्ज मीच लिहिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. धाकटीची हकीकत सगळ्यात वर घातली. "अपंग मुलीच्या पायांतले बूटही पळवले." ही ओळ वाचून हवालदार सरळ बसला. पहिली सही माझी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ट्रकवाल्यानं बूटवाल्याचं घर शोधून काढलं. मी ट्रकवाल्याबरोबर निघाले तर धाकटी आडवी आली. "ताई, तिकडे जाऊ नकोस. ऐक ना, तो —" म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, हे सगळं तुझ्याचसाठी चाललंय! अजून त्याची बाजू घेते! हिच्या भोळेपणाला काय म्हणावं?

एक खोली. त्याची बायको खिडकीशी मशीनवर पिशव्या शिवत होती. नवरा कुठे गेला ते तिलाही ठाऊक नाही म्हणे. डोक्यावर कर्ज झालं होतं, तोंड चुकवून गेला. मी पुढे होऊन नाव सांगितलं. तर ही बाई माझ्याकडे बघून म्हणते, "तुमचं काम झालं म्हणाले होते ते. बाकीच्यांचं राहिलं, पण एवढं एक पुरं केलं म्हणाले."

माझ्या तोंडावर! माझी बहीण चपला फरफटत घरात बसलीय आणि ही म्हणते काम झालं! अंगाचा तिळपापड झाला. काय काय बोलले ते लिहवत नाही. नवऱ्यापेक्षा बायको सवाई, हे तर बोललेच.

ट्रकवाल्यानं मशीनला हात घातला. ती मशीनवर आडवी पडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही तरी सांगा हो त्यांना. माझ्या पोटाचं आहे."

मी म्हटलं, "न्या."

मशीन आमच्याकडे ठेवलंय. नऊ जणांत भरवशाचं घर आमचं ठरलं! धाकटीनं ते पाहिलं, वर चादर टाकली आणि न जेवता झोपली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मुलाखतीला आली नाही. सकाळी म्हणाली, "चपला घालून साहेबांसमोर कशी उभी राहू?" खरंच होतं. साहेबांनी अर्धा तास वाट बघितली आणि हेडक्लार्कच्या भाचीला घेतलं. दोन वर्षांची माझी मिनतवारी पाण्यात.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "ताई, ऐक ना, मला ती खिडकी मुळात —" म्हटलं, आता काय ऐकायचंय? गेली खिडकी! तो गोडबोल्या घेऊन गेला तुझी खिडकी!

१९ नोव्हेंबर

हवालदाराचा फोन. बूटवाला सापडला नाही, पण "तुमचा अर्ज भक्कम आहे." सापडला की पहिला गुन्हा आमच्याच प्रकरणाचा लागणार. बरं वाटलं. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धाकटी गुणगुणत होती आज. आणि गालांवर ऊन लागल्यासारखं काहीतरी. घरात बसून कुठलं ऊन? कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही. चांगलं आहे. एवढं होऊन ती हसते, आणि मी मात्र अजून आतल्या आत जळतेय. पैशांचं दुःख केव्हाच संपलं. मी पावती मागितली नाही ती त्याला माणूस समजून. तो समजच त्यानं विकून खाल्ला. आता कुणी बहिणीशी गोड बोललं तरी मी आधी त्याचे हात बघेन.

काकू पुन्हा भांडल्या. आता म्हणे पावलं जिन्यातही ऐकू येतात, दुपारी वरखाली, वरखाली. कठीण आहे काकूंचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसातून आले तर घराला कुलूप. किल्ली काकूंच्या दाराच्या कडीला अडकवलेली. काकू म्हणाल्या, "सकाळी तुमच्याकडची कोण पाहुणी गेली गं बॅग घेऊन? मी पाठमोरीच पाहिली. काय ताठ चालत होती!"

धाकटीच्या पलंगावर पुठ्ठ्याचा डबा. आत तिचे जुने बूट, पुसलेले, नाड्या बांधलेल्या. त्यावर पावती. अक्षर बूटवाल्याचं. पैसे पूर्ण मिळाले. माल १० तारखेला घरी पोच. "रस्ता"पुढचं "फरशी" खोडलंय, तिथे लिहिलंय — खडी, चढ. खाली धाकटीची सही.

आणि चिठ्ठी. "ताई, मैत्रिणीकडे जातेय. रस्ता मीच फोन करून बदलून घेतला. सांगायला तीनदा सुरुवात केली. जमलं नाही. चुकलं माझं. त्या बाईंचं मशीन आधी परत कर. अर्जही मागे घे."

मागची पानं काढून बघितली. दहा तारीख. पंधरा. सतरा. माझ्याच अक्षरात आहे — "ताई, ऐक ना." तीनदा.

चौतीस वर्षं हात धरून चालवलं तिला. ती सरळ चालत गेली ते काकूंनी पाहिलं. मी पाहिलं नाही.