स्वस्त शहरातली खोली

प्रिय ताई,

तुला नमस्कार, बाळाला पापा. आईचा गुडघा कसा आहे?

मी मजेत आहे. इथे भाडं मी आधी राहायचे त्या शहराच्या निम्मं, भाजीही स्वस्त. काम लॅपटॉपवरचं, मग महागड्या शहरात कशाला राहायचं, म्हणून हौसेने आले.

पण ऑफिसने लगेच पगार कापला. साहेब म्हणाले, "तुमचं शहर आता स्वस्त आहे ना!" झालं, आगीतून फुफाट्यात. शिवाय खोलीखाली सुताराचं करवतीचं यंत्र. ग्राहकांचे फोन मी डोक्यावरून पांघरूण ओढून घेते. हसू नकोस. काल एकजण वैतागून म्हणाला, "बाई, आधी ते लाकूड कापून घ्या, मग बोला." साहेब ऑफिसात बसून अधूनमधून आमचे फोन ऐकतात, नेमका तोच ऐकला. आता म्हणतात, शांत जागा बघा, नाहीतर दुसरी नोकरी बघा. कापलेल्या पगारात शांत जागा कुठून आणू?

कामाचं सोडून इथे माझ्याशी कुणी बोलत नाही, ताई. रविवारी तर तोंड उघडायचं कारणच पडत नाही.

आईला सांग, पोरगी सुखात आहे. पण तू मला न्यायला ये. भावजींना पाठवू नकोस, तूच ये. त्यांच्यासमोर मला रडता येणार नाही.

वाट बघणारी,
तुझी धाकटी