उलटं जाऊन सीट

२८ नोव्हेंबर
नंदाचा फोन. क्रूझचं नक्की झालं. सिंगापूरहून निघायचं, मधे पेनांग बेटावर एक दिवस. मी हो म्हटल्यावर बाईसाहेब हळूच म्हणतात, "कांचनपण येतेय गं. तिघींत केबिन स्वस्त पडते."
ही कांचन म्हणजे उल्हासनगरची, कापडाच्या दुकानाची मालकीण. नंदाला योगाच्या क्लासात भेटून धड वर्ष झालं नाही. मी नंदाला नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून ओळखते. आई म्हणायची, तीन तिघाडा काम बिघाडा.
हे म्हणाले, "तिघी म्हणजे मजा येईल." यांना काय कळतंय.

६ डिसेंबर
बॅग भरली. कपाटात नोकरीतली जुनी पर्स सापडली आणि सगळं आठवलं. नंदा अंबरनाथची. तिथे गाडीत जागा मिळत नाही, म्हणून लोक मुंबईकडे जायचं सोडून आधी उलटे बदलापूरला येतात आणि तीच गाडी परत फिरते तेव्हा आरामात बसून जातात. नंदाही यायची. मी बदलापुरातल्याच कात्रपहून धावतपळत पोचायचे, तर बाई माझी खिडकी धरून बसलेली.
सगळं जग सीटसाठी उलटं येतं. नंदा माझ्यासाठी यायची.

१२ डिसें. जहाजावर
केबिनमधे खाली दोन पलंग जोडलेले, तिसरा छतातून ओढून काढायचा. "सुलू, तू बारीक आहेस, तू वर जा." मी कधीपासून बारीक?
दुपारी आडवी झाले तर खाली दोघींची खुसफूस. काय झालं विचारलं तर म्हणे, काही नाही गं, झोप तू.
जेवणाच्या हॉलमधला वेटर कांचनचा भाऊ झालाय. तिला हिरव्या मिरच्या आणून देतो. मलाही दिल्या, तिच्या वशिल्याने. खाल्ल्या. जळजळतंय.

१४ डिसें. पेनांग
नीट लिहून ठेवते.
जहाजवाल्यांची टूर नको, तिथल्या सरकारी बसने बेट फिरू, हे म्हणणं माझं. घरी बसून मोबाइलवर सगळे रूट मीच बघून ठेवलेले. आणि बसमधे चढल्यावर काय? सीटा दोन-दोनच्या. नंदा खिडकीत, कांचन तिच्या शेजारी. मी मागे, एका पेंगणाऱ्या आजोबांजवळ. रस्ता मी शोधायचा, गप्पा त्यांनी मारायच्या.
तिकिटाचे पैसे सुट्टेच लागतात. कांचनने हातवारे करून कोणा प्रवाशाकडून नोट मोडून घेतली. नंदा मागे वळून, "बघ, कशी हुशार आहे." बरोबर बसमधे बसवलं कोणी, ते नाही बघितलं.
किनाऱ्यावर दोघींचे फोटो काढले. फोटो मी काढले, म्हणजे मी कशातच नाही.
परतीच्या बस खचाखच. एक तर थांबलीच नाही. नंदा समोर शहाळं प्यायला गेली होती, तेवढ्यात उलट्या बाजूने एक रिकामी बस आली. मी कांचनला म्हटलं, "हिच्यात बसू. शेवटच्या स्टॉपवरून हीच फिरून येणार, बसायला मिळेल." कांचनने हाक मारली, "नंदा, आ जा, इसमें बैठते हैं." मी आधी चढून दोघींची सीट धरली आणि नंदाला आत ओढलं. खिडकी तिला. कांचन मागे. इथे खोटं कशाला लिहू? सीट मिळाली याचा आनंद नव्हताच, कांचन मागे बसली याचा होता.
"ही बस इकडे कुठे चालली गं?"
"येते फिरून."
नंदाने माझ्या खांद्यावर मान टाकली आणि झोपली. जुन्यासारखी, तोंड उघडं टाकून. मी खांदा हलवला नाही.
शेवटचा स्टॉप आला. ड्रायव्हरबाईने इंजिन बंद केलं, जेवणाचा डबा उचलला आणि आम्हाला हातानेच सांगितलं, उतरा. बस फिरणार नव्हती. ते बदलापूर नव्हतं. पुढची बस बऱ्याच वेळाने, आणि इकडे जहाजाची वेळ होत आलेली.
कांचन सरळ रस्त्यात जाऊन उभी राहिली. जायफळाची पोती घेऊन निघालेला एक टेम्पो थांबवला. त्या दोघी पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे पोत्यांवर.
शिडी काढायच्या बेतात असताना पोचलो. नंदा लालबुंद. "उलटं जायचं हे आलं कोणाच्या डोक्यात?"
मी तोंड उघडलं. तोवर कांचन, "मेरा ही दिमाग खराब था, नंदा. सॉरी."
मी तोंड मिटलं.
अंगाला अजून जायफळाचा वास येतोय.

१५ डिसें.
कांचनने विषयसुद्धा काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नंदाला सांगायला हवं. चहाच्या वेळी सांगते.
नाही सांगितलं. दोघी पत्ते खेळत होत्या.

२१ जानेवारी
नंदाकडे हळदीकुंकू. सगळ्या बायकांना घेऊन बसली आणि पेनांगची गोष्ट, टेम्पोसकट. बायका हसून हसून लोळायच्या बाकी. "उलटं जायचं हे आमच्या कांचनच्याच डोक्यात येणार!" आमच्या कांचनच्या. सगळ्या तिच्याकडे कौतुकाने बघतायत. माझी चूक, आणि तीसुद्धा तिच्या नावावर गाजतेय. मला माझ्याच मूर्खपणाचा हेवा वाटला, हे कोणाला सांगणार?
राहवलं नाही. म्हटलं, "नंदा, ते माझ्या डोक्यातलं होतं. तू नाही का यायचीस उलटी, बदलापूरला. माझ्यासाठी."
नंदा वाण वाटता वाटता म्हणाली, "अगं, ते सीटसाठी." आणि पुढच्या बाईला हळद लावायला गेली.
कांचन तेवढी हसत नव्हती.
जिन्यात म्हणाली, "तेरे को उसके बाजू में बैठना था ना? बोल देती. मैं उठ जाती."
मी पदर नीट करत बसले.
खाली स्टेशनसाठी एकच रिक्षा होती, दोघी बसलो. वर गॅलरीतून नंदा हात हलवत होती. मीही हलवला, कांचननेही हलवला. नंदा कोणाला हलवत होती ते रिक्षा वळेपर्यंत कळलं नाही.