चावायचं नाही

२ सप्टेंबर, सोमवार

पहिल्याच दिवशी शोभा करून घेतली. नोकरी लावणारा एजंट म्हणाला होता, बिस्किटांचा कारखाना आहे. डोक्याला जाळीची टोपी, पायात पांढरे बूट, ऐटीत आत गेलो — आणि समोर यंत्रातून पातळ पांढऱ्या चकत्या सरसर पडतायत. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी फादर प्रसाद म्हणून जिभेवर ठेवतात ना, त्याच! ढिगाने! माझा गुडघा आपोआप टेकला. ओल्या फरशीवर. छातीवर क्रूस काढून झाला तेव्हा कळलं, सगळे बघतायत.

मुकादम म्हणाला, "काय हरवलं का रे खाली?"

कापायच्या यंत्रावर एक म्हातारी आहे, तिला सगळे मावशी म्हणतात. ती म्हणाली, "राहू दे, नवीन आहे. मीही टेकले होते पहिल्या दिवशी. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून सुटले."

३ सप्टेंबर, मंगळवार

सगळा मामला मैदा आणि पाण्याचा. मोठे पापुद्रे भाजायचे, दमट खोलीत जरा मऊ पडू द्यायचे, मग कापायचे. चकत्या डब्यात. उरलेली भोकाभोकांची जाळी पिंपात. चहाच्या वेळी सगळे पिंपात हात घालतात आणि जाळी कराकरा खातात. मावशीने माझ्यापुढे एक तुकडा धरला. मी तोंड फिरवलं.

"अरे, फादरने वेदीवर नेईपर्यंत मैदाच आहे हा, येशूचं शरीर होतं ते नंतर."

ते मलाही ठाऊक आहे. पण दातांना कोण सांगणार?

५ सप्टेंबर, गुरुवार

आईचा फोन. ताईचं लग्न नोव्हेंबरात ठरलं. मी खोलीत एकटाच नाचलो, खालचा भाडेकरू छताला काठी मारेपर्यंत. मग आई हळूच म्हणाली, "या वेळी तरी माझ्या शेजारी उभा राहून प्रसाद घेशील ना रे? दर वेळी बाकावर बसून राहतोस, लोक विचारतात. काय पाप केलंयस, मला तरी सांग."

आईला वाटतं बाईची भानगड आहे. कसली भानगड? इथे बाई म्हणजे मावशी, तिला नातवंडं आहेत!

आईला नाही सांगता येत, म्हणून इथे लिहितो. लहानपणी पहिल्यांदा प्रसाद घ्यायच्या आधी, शिकवणाऱ्या सिस्टरने बजावलं होतं — चावायचं नाही. एका मुलाने चावलं तर त्याचं तोंड रक्ताने भरलं, येशूच्या रक्ताने. आणि माझी चकती नेमकी टाळूला चिकटली. जिभेने ढकलली, दाताला लागली, आणि तोंडात खारट रक्त! गिळून टाकलं. बाहेर येऊन सगळ्या मुलांबरोबर फोटोला उभा राहिलो, ओठ घट्ट मिटून. त्याच आठवड्यात बाबा शिडीवरून पडले. रंगारी होते. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. घरात सगळे रडले, मी नाही. ज्याच्यामुळे झालं तो कुठल्या तोंडाने रडणार?

तेव्हापासून रांगेत उभा राहिलो नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

मावशीला सांगून बसलो. कसं निघालं तोंडातून कोण जाणे. वाटलं ती दोन्ही हात कानांवर ठेवेल. तिने यंत्रावरची नजरही काढली नाही.

"केवढा होतास तेव्हा?"

"आठ वर्षांचा."

"दात हलत होता?"

हलत होता! वरचा, पुढच्याच्या शेजारचा. सिस्टर शिकवायची तेव्हा मी जिभेने झोके द्यायचो त्याला.

"अरे गाढवा," मावशी म्हणाली, "त्या वयात सगळ्यांचेच हलतात. माझाही हलत होता. चर्चने मुहूर्तच असा काढलाय!" आणि जी हसायला लागली ती ठसका लागेपर्यंत. मुकादमाने धावत येऊन यंत्र बंद केलं. कारण विचारलं तर मलाच बोलता येईना हसून.

१० सप्टेंबर, मंगळवार

त्या फोटोत माझ्या शेजारी ढब्बू होता. त्याला फोन लावला आणि त्या दिवशीच्या रक्ताचं सांगितलं. आधी म्हणाला, "सकाळीच चढवलीस का?" मग आवाज खाली आणून — "तुलापण?" ढब्बूने रक्त रुमालात घेतलं होतं आणि रुमाल विहिरीत टाकला होता. मग विहीर पवित्र झाली की बाटली ते कळेना, म्हणून किती दिवस शेजारणीकडे पाणी प्यायचा.

मग मेंढीला लावला. आमच्यातला सगळ्यात गुणी, आता फादर व्हायला गेलाय. त्यालाही सांगितलं. तो कुजबुजला, "मी त्याचीच फेड करायला इथे आलो रे."

मी हसलो. नको होतं हसायला, पण आवरेना. थोड्या वेळाने तोही सुरू झाला, तोंडावर उशी दाबल्यासारखा.

"मग आता काय करणार, मेंढी?"

"काय करणार? झगा शिवून झालाय."

११ सप्टेंबर, बुधवार

जाळी खाल्ली. ओंजळ भरून. साधं मीठसुद्धा नाही तिच्यात!

१५ सप्टेंबर, रविवार

इथल्या चर्चमध्ये गेलो. रांगेत हसू येत होतं. फादरने प्रसाद जिभेवर ठेवला. चावला. मुद्दाम. काही झालं नाही. माझ्या पुढचा माणूस तर खाऊन जांभई देत होता.

बाहेर येऊन आईला फोन केला — लग्नात तुझ्या शेजारी उभा राहीन, घेईन. आई नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिली. घरापर्यंत शीळ घालत आलो. एका कुत्र्याला सलाम ठोकला.

मग मोजे धुवायला बसलो आणि हात थांबले. मी नाही, तर बाबा कोणामुळे पडले?

कोणामुळेच नाही. शिडी घसरली.

१६ सप्टेंबर, सोमवार

मुकादमाकडे सुट्टी मागितली.

"आल्याआल्या सुट्टी? काय झालं?"

"वडील वारले."

त्याने टोपी काढली. "अरे रे. कधी?"

"मी आठ वर्षांचा होतो तेव्हा," म्हटलं, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं.

त्याने माझ्या जागी दुसऱ्याला उभं केलं.