ग्रहणात तू काय चिरलं होतंस

आई, परवा ग्रहण होतं आणि सासूबाईंनी माझ्या पुढ्यातली विळी काढून घेतली. मला पाचवा महिना सुरू आहे. वांग्याची टोपली स्वतःकडे ओढत त्या एवढंच म्हणाल्या की आज तू नुसती बस. मी वर्ध्याच्या कॉलेजात पेशीशास्त्र शिकवणारी बाई, हे सगळं थोतांड आहे असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बसले मुकाट्यानं, आणि बसल्या बसल्या तुझी अल्लीपूरची चूल आठवली. म्हणून लिहितेय.

भाऊ जन्मला तोच दोन्ही डोळ्यांत साय धरल्यासारखा पांढुरका पडदा घेऊन. अंगात जोर नाही, मान सावरायलाही त्याला किती दिवस लागले. गावानं लगेच कारण शोधून काढलं, की पोटुशी असताना तू ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. शेजारच्या काकू तुझ्याच चुलीशी बसून, तुझाच चहा पिता पिता हे बोलल्या, तेव्हा मी त्यांच्या हातातला कप हिसकावून घेतला होता. रागावलीस मात्र मलाच. त्या गेल्यावर राख सारखी करत हळूच म्हणालीस, "लोकायचं तोंड कोन धरते? पण मी आठवून राह्यली व, खरंच काई चिरलं का मी त्या दिवशी." तू ते शेवटपर्यंत आठवतच राहिलीस. माझा जीव अजूनही त्याच वाक्यापाशी तुटतो.

त्याला घेऊन आपण वर्ध्याच्या दवाखान्यात जायचो. एसटी सुरू झाली की तो खिदळायचा, दिसत काही नसताना. एका दुपारी वर्ध्याच्या स्टँडवर गाडी येते, पाटी 'वर्धा'च, कंडक्टर बदलायला विसरलेला. आपल्याला वाटतं ही आपली नव्हे. अल्लीपूरची माणसं फलाटावर उभी राहतात आणि गाडी जवळजवळ रिकामीच गावाकडे निघून जाते. संध्याकाळपर्यंत त्याला मांडीवर घेऊन तू बसलीस, आणि कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करता करता स्वतःच हसायला लागलीस.

वर्गात मी हीच गोष्ट सांगते. पेशीतही बारीक पिशव्या बाहेरच्या पडद्यापासून आत आणि आतून बाहेर माल वाहत असतात. त्यांच्या आवरणात चिमूटभर एक वेगळी चरबी असते, तिला फॉस्फोइनोसिटाइड म्हणतात. तिच्यावर फॉस्फेट कुठे कुठे बसलंय त्यावरून ठरतं की ही पिशवी कुठली, तिच्याशी कुणी जोडून घ्यायचं. पिशवी आत आली की एक फॉस्फेट काढायचं असतं, म्हणजे पाटी बदलते आणि तिला पुढचा रस्ता मिळतो. भावाच्या शरीरात ते काढणारं प्रथिनच बिघडलेलं होतं. त्यामुळे पिशव्या आतच अडकायच्या, आणि मूत्रपिंडानं जे राखायचं ते लघवीवाटे वाहून जायचं. डोळ्यांचं नेमकं कसं बिघडतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. एम.एस्सी.ला असताना नागपूरच्या वाचनालयात हे पहिल्यांदा वाचलं. मोतीबिंदू, लुळं अंग, मूत्रपिंड, ओळीओळीत आपला तोच. पुस्तक उघडं टाकून मी बाहेर पायरीवर येऊन रडले. तेव्हा तोही नव्हता आणि तूही नव्हतीस.

आता जे सांगायचं ते तू असतीस तर जमलं नसतं. चिरल्यानं काही झालं नाही, आई, दिवसभर चिरत बसली असतीस तरी झालं नसतं. पण आलं ते तुझ्याकडूनच. ते प्रथिन बनवायच्या सूचनेच्या बायकांत दोन प्रती असतात, पुरुषांत एकच. तुझी एक बिघडलेली, दुसरीनं तुझं निभावलं. त्याच्या वाट्याला एकच आली, तीही बिघडलेली. तुला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. यात तुझा तिळाएवढाही दोष नाही.

मला दिवस गेले तसं मीही तपासून घेतलं. माझ्यातही आहे. मग नागपूरला बाळाची तपासणी केली, आणि उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ग्रहणाच्या आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, बाळात तो दोष नाही. मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, मी विचारलंही नाही. सासूबाई देवापुढे जाऊन रडल्या. म्हणजे विळी काढून घेतली ती हे सगळं कळल्यावर! मी तसं म्हटलंही, तर म्हणाल्या, "तुही तपासणी तुही, माही रीत माही." अशा बाईशी काय भांडायचं? आजकाल अशा मुलांना लहानपणापासून क्षार देऊन सांभाळतात, पेशींवर औषधंही तपासून पाहताहेत. मला वाटतं, पुढच्या आयांना चुलीशी बसून आठवत राहावं लागणार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही, ती लिहून टाकते. आपल्यासारख्या बायकांच्या डोळ्यांतल्या भिंगात बारीक पांढरे ठिपके असतात, नजरेला त्यांचा काही त्रास नसतो. म्हणून माझं रक्त तपासण्याआधी डोळे पाहिले. डॉक्टर यंत्रातून बघून म्हणाले, "आहेत." तुझे डोळे कधी कुणी असे पाहिलेच नाहीत, सगळे त्याचेच पाहत होते. पण माझ्यात आहेत म्हणजे तुझ्यातही असणारच. अख्खं गाव मला बापावर गेली म्हणायचं, रंगानं, नाकानं, रागानंसुद्धा. बाळाचं तेव्हा काहीच कळलेलं नव्हतं, भ्यायला हवं होतं, आणि नंतर पुष्कळ भ्याले. पण त्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसले असताना, आई, मला आधी आनंदच झाला.