मुलगी नाचत नाही

दिवाळे, ११ फेब्रुवारी २०२५

ती. दमयंतीआत्यास रुतिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर भांडण झालं असतं, म्हणून कल्पेशदादाच्या हाती पत्र देते. तो रोज उरणच्या गोदामात कामाला येतोच.

आत्या, काय करून बसलीस तू! मुंबईची एक नृत्यसंस्था पगारावर नर्तकी घेणार आहे. त्यासाठी महिनाभर मी रेझ्युमे लिहीत होते. सोसायट्यांच्या गणपतीतले कार्यक्रम, जुईनगरच्या क्लासच्या परीक्षा, उंची, फोटो, सगळं एका पानात बसवलं. शिकवणाऱ्यांची नावं नि नंबर द्यायचे होते. क्लासच्या सुचिता मॅडमच्याही वर मी तुझं नाव टाकलं. माहेरी आलीस की दार लावून मला नाच शिकवायचीस, ते विसरलीस?

काल संस्थेतल्या बाईंनी तुला फोन केला, तर तू सांगितलंस की मुलगी गुणी हाय, कोळंबी झकास करते, आणि नाचत-बिचत नाय! आता त्या मला विचारतात की रेझ्युमेत खोटं का लिहिलं. मला रडू कोसळलं. शुक्रवारी त्या ऑडिशनची नावं ठरवणार आहेत आणि त्यात मी नसणार.

रागावलेली, तरी तुझीच,
रुतिका

---

उरण, १२ फेब्रुवारी

चि. रुतिकास अनेक आशीर्वाद.

राग मलाही येतो, हे आधी ध्यानात घे. न विचारता माझा नंबर दिलासच कसा? मी बाजारात पाटी लावून बसलेली, समोर गिऱ्हाईक बोंबलांचा भाव पाडतंय, आणि कोणी अनोळखी बाई विचारते की रुतिकाची उंची किती, तब्येत कशी, स्वभाव तापट नाही ना, घरापासून लांब राहील का. स्थळ आलं असंच कुणालाही वाटेल! कामावर ठेवायचं तर कामाचं विचारावं. शेवटी नाचाचं काढलं, तेव्हा म्हटलं बाई आडून खोड काढतेय. मग मी ठासून नाही म्हणाले.

तुझ्या भल्यासाठीच बोलले गं. मला बघायला आले तेव्हा तुझ्या आजीने हेच सांगितलं होतं. लग्न जमलं. तिचा शब्द खोटा पडू नये म्हणून मी सासरी कधी नाचलेच नाही. हळदीत बायका नाचायला उठल्या की मी विड्याची पानं लावत बसते. पाय नुसते आतल्या आत तडफडतात.

मॅडमच्या वर नाव लिहिलंस, ते वाचून मात्र बरं वाटलं.

तुझी,
आत्या

---

दिवाळे, १३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

राग गेलेला नाही, पण आता तो दुसऱ्याच गोष्टीचा येतोय. तुझ्यासारखी बाई पानं लावत बसते? आणि तसंच माझंही व्हावं म्हणून तू नाही म्हणालीस?

त्या बाईंचा नंबर खाली दिलाय. उद्या दुपारच्या आत खरं सांग. आणि मागच्या दारी लपून नको, घरातून बोल.

तुझी,
रुतिका

---

उरण, १४ फेब्रुवारी

चि. रुतिकास अनेक आशीर्वाद.

केला फोन. ओटीवरून, सासूबाई सुकट निवडत समोर बसलेल्या असताना. सांगितलं की रुतिका नाचते, मीच तिला शिकवली, आणि मीही नाचते. बाई खूप हसल्या. रविवारी तुला ऑडिशनला बोलावलंय. तिथे काय होईल ते तुझ्या पायांवर.

फोन ठेवला तर सासूबाई टक लावून बघत होत्या. वाटलं, आता काही खरं नाही. झालंही तसंच, सूप आपटलं त्यांनी. म्हणाल्या की त्यांना नाचणारीच सून हवी होती. मुलगी नाचत नाही असं तुझी आजी म्हणाली तेव्हा त्या उठून निघाल्या होत्या, मामंजींनी हाताला धरून बसवलं. विपुलभाऊजींच्या हळदीत घरची एकही बाई रिंगणात नव्हती, कारण सासूबाईंचे गुडघे दुखत होते आणि मी पानं लावत होते. ती लाज त्या अजून विसरलेल्या नाहीत. येत होतं तर उठले का नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत मला बोलत होत्या.

आता तूच सांग, इतक्या वर्षांचा राग मी कोणावर काढू?

उद्या तुझी तयारी घ्यायला येतेय. सासूबाईही येणार म्हणतात. या खेपेला दार लावायचं नाही.

माया आहेच, ती अशीच भांडून वाढव.

तुझी नाचणारी आत्या,
दमयंती